मेजरचं दुकान

आमच्या सातारा भागात पोराला मिशीची कोर फुटली की घरात दोनच वाटांची बोलणी निघायची. एक वाट मुंबईची. तिथं माथाडीत कुणी ना कुणी चुलता-मामा असायचाच. दुसरी वाट बेळगावची. तिथं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. भरतीला गेलेली निम्मीअधिक पोरं दुसऱ्या दिवशी पोटऱ्या चोळत एसटीनं परत यायची. जी परत आली नाहीत ती पलटणीत गेली, असं घरच्यांनी समजायचं. आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. पुढं गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द चिकटला, तो आजतागायत आहे. बाकीच्या गावांच्या नावाला काही चिकटलं नाही; पण वाडीवाडीत एखादं तरी घर असं सापडतं, की जिथं भिंतीवर देवाच्या शेजारी फेटा नसलेला, टोपीतला एक फोटो टांगलेला असतो.

पलटणीतनं माणूस परत येतो तो तरणाच. साडेसतराव्या वर्षी भरती झालेला शिपाई सतरा-अठरा वर्षांची नोकरी करून घरी येतो, तेव्हा पस्तिशी-छत्तिशीचा असतो. पंधरा वर्षं भरलेली असली की पेन्शन मिळते. ती भरायच्या आत काही कारणानं घरी आला, तर बऱ्याचदा हात रिकामे. शेत वाटणीत दीड-दोन एकराचं झालेलं असतं. पोरं शाळेत असतात. मग हा गडी पुण्याला जातो आणि एखाद्या कंपनीच्या गेटावर नाही तर एटीएमच्या दारात बारा-बारा तास उभा राहतो. बर्फात चौकी राखलेला माणूस काचेच्या दाराला राखण बसतो. गावात आला की मात्र तो 'मेजर'. आमच्याकडं शिपाई असो, नाईक असो, हवालदार असो, पेन्शनीवर आला की सगळ्यांना मेजरच म्हणतात.

अशाच एका मेजरच्या दुकानाची ही गोष्ट.

साताऱ्यात समर्थ मंदिराकडनं यवतेश्वरचा घाट चढायच्या आधी, रस्त्याच्या डाव्या अंगाला पत्र्याच्या तीन खोल्या आहेत. पूर्वी तिथं पिठाची गिरणी होती. मेजर हवालदार म्हणून घरी आले, दोन वर्षं पुण्यात सिक्युरिटीत काढली, आणि एका दिवाळीला आले ते परत गेलेच नाहीत. त्या वेळी कासच्या रस्त्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ सुरू झाली होती. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात आमचं कासचं पठारही आलं. फुलं बघायला येणारी माणसं वेगळी. पण त्याच रस्त्यानं बामणोलीला जाऊन, शिवसागरातनं लाँचनं पलीकडं उतरून वासोटा चढणारी पोरं वेगळी. त्यांच्या पाठीवर मोठमोठ्या सॅक, पायात भारीतले बूट. मेजर घाटाच्या तोंडाला चहा पीत उभे राहायचे आणि त्या पाठींकडं बघायचे.

एकदा मला म्हणाले, "गुरुजी, धा पोरांत आठ जनांचा पिठ्ठू चुकीचा बांधलेला असतो बघा. वजन कमरंवर यायला पायजे, ते खांद्यावर घेत्यात. आन् पुन्यात जाऊन म्हनत्यात, ट्रेकिंग काय आपल्याला झेपत न्हाय. मग त्यो सात हजाराचा पिठ्ठू माळ्यावर."

त्या माळ्यांवरच मेजरचं दुकान उभं राहिलं. पुण्या-मुंबईची माणसं हौसेनं सामान घेतात, एक-दोन ट्रेक करतात आणि ठेवून देतात. मेजरनं पाटी लावली: 'डोंगराचं जुनं सामान घेतलं जाईल, दिलं जाईल.' सॅक, तंबू, स्लीपिंग बॅगा, बूट, काठ्या, स्टोव्ह, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या. वस्तू विकली गेली की निम्मे पैसे देणाऱ्याला, निम्मे दुकानाला. पुष्कळ जण आपला वाटा दुकानालाच सोडून जायचे, कारण आत कोण काम करतंय हे त्यांना दिसायचं.

आत दुसरे एक मेजर बसलेले असायचे. त्यांना आम्ही बूटवाले मेजर म्हणायचो. फौजेत ईबीआर नावाचा ट्रेड असतो, म्हणजे बूट आणि सामान दुरुस्त करणारा माणूस. हे त्या ट्रेडमधले. त्यांनी आयुष्यभर पलटणीचे बूट शिवले होते. महागातला बूट हातात घेऊन ते अंगठ्यानं तळवा दाबायचे आणि सांगायचे, हा चालंल, हा न्हाय. मला आधी वाटायचं, न वापरलेला बूट म्हणजे नवाच की. त्यांनी दाखवलं. तळव्यातला मऊ थर नुसता कपाटात पडून, हवेतला ओलावा खाऊन आतल्या आत मरतो. पाच-सहा वर्षं पडून राहिलेला बूट दिसायला कोरा असतो, आणि किल्ल्याच्या अर्ध्या वाटेवर त्याचा तळवा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. "बुटाला चालवावा लागतो गुरुजी," ते म्हणायचे, "मानसासारखंच हाय त्याचं."

दुकानाचे काही नियम होते, आणि ते कुणासाठी मोडले जात नव्हते.

पहिला, फौजेची वर्दी विकायची नाही. जुनी जर्सी, घोंगडी, पाण्याची बाटली, मेसटिन चालेल. पण चट्टेपट्टेवाला कॉम्बॅट ड्रेस, बिल्ले, फीत काही नाही. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटचा हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर सैन्याच्या पोशाखात आले होते. त्यानंतर सैन्यानं लोकांना आणि दुकानदारांना आवाहन केलं होतं की असले कपडे घालू नका, विकू नका. कॉलेजची पोरं दुप्पट पैसे द्यायला तयार असायची. मेजर नुसते मान हलवायचे.

दुसरा, वापरलेला दोर चढाईसाठी विकायचा नाही. दोराला वरनं काही दिसत नाही, आतला गाभा तुटलेला असू शकतो. किती झटके बसलेत, कुठल्या धारेला घासलाय, उन्हात किती पडलाय, हे दोर सांगत नाही. असे दोर आले की मेजर त्याचे तुकडे करायचे आणि शेतकऱ्यांना देऊन टाकायचे. आमच्या गावात अजून दोन-तीन बैल निळ्या-तांबड्या दाव्याला बांधलेले दिसतात.

तिसरा नियम असा, की पेटी विकायला आली तर आधी तिच्यातले कागद वाचायचे, मग पैशाचं बोलायचं.

पेटी म्हणजे फौजी माणसाची काळी पत्र्याची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. माणूस पेन्शनीवर येतो तेव्हा ही पेटी आणि एक बिस्तरा घेऊन येतो. त्याच्या माघारी पेटी तशीच माळवदावर नाही तर पलंगाखाली राहते. कधीतरी घरात नड निघते आणि ती भंगारात जाते. मेजरनं भंगारवाल्याकडनं एकदा अशी पेटी घेतली होती. तिच्या तळाशी वर्तमानपत्राखाली एका शिपायाचं डिस्चार्ज बुक निघालं. मेजर पत्ता काढत त्याच्या गावी गेले, तर त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिला पेन्शन कधी लागलीच नव्हती. त्या दिवसापासून हा नियम झाला.

दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक जुना मेसटिन ठेवलेला होता. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. तर जर्मनचा तो चेपलेला डबा. प्रत्येक विक्रीतले थोडे पैसे त्यात पडायचे. त्यातनं ॲफिडेव्हिटचा खर्च, झेरॉक्स, फोटो, राजपत्रात नाव छापायची फी आणि म्हाताऱ्या माणसांचं एसटीचं भाडं निघायचं. दुकानाच्या मागच्या खोलीत आठवड्यातनं एक दिवस कागदांचा असायचा. पूर्वी क्लार्क असलेले एक मेजर त्या दिवशी यायचे. कुणाचा हयातीचा दाखला भरायचा असायचा, कुणाचं ईसीएचएसचं दवाखान्याचं कार्ड काढायचं असायचं, कुणाच्या पोरीची शिष्यवृत्ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अडकलेली असायची. पुढच्या खोलीत पुण्याची पोरं तंबू उघडून बघतायत आणि मागच्या खोलीत नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या अंगठा उमटवतायत, असं ते दुकान.

आता आमच्या नानीचं सांगतो.

नानी म्हणजे माझी चुलती. चुलते १९७४ साली भरती झाले, १९९१ साली नाईक म्हणून घरी आले. मधल्या काळात शांतिसेनेबरोबर श्रीलंकेतही जाऊन आले. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत, फक्त नारळाची झाडं बघितली की गप्प व्हायचे. २०१५ साली वारले. नानी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेली. तिथल्या साहेबांनी पेन्शनचा हुकूम, म्हणजे पीपीओ बघितला, आधार कार्ड बघितलं, आणि म्हणाले, "बाई, ह्या हुकुमातली बायको तुम्ही नाही."

झालं होतं ते असं. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. नानीचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्न झालं १९७८ साली, चुलत्यांच्या महिनाभराच्या सुट्टीत. पलटणीत परत गेल्यावर क्लार्कनं विचारलं, बायकोचं नाव काय? चुलत्यांच्या तोंडात होतं ते नाव, म्हणजे माहेरचं. ती चुलत्यांच्या आत्याची पोर, लहानपणापासनं त्याच नावानं हाक मारलेली. तेच नाव रेकॉर्डला चढलं. इकडं रेशन कार्ड, मतदार यादी, आधार, सातबारा, सगळीकडं सासरचं नाव. चुलते जिवंत होते तोवर दोन्ही नावं एकाच घरात सुखानं नांदली. ते गेले आणि कागदावर दोन बायका झाल्या.

चार वर्षं नानीनं हेलपाटे घातले. दरवेळी नवा माणूस खुर्चीवर असायचा आणि नवा कागद मागायचा. तिचा पोरगा नवी मुंबईत माथाडीत, त्याला रजा मिळायची नाही. शेवटी ती म्हणाली, "मेलेल्या मानसाच्या पैशापायी जित्या मानसानं किती मरायचं?" आणि जायचं सोडून दिलं.

२०१९ च्या पावसात तिच्या घराची मागची भिंत बसली. दगड-विटांना पैसे हवे होते. नानीनं घरातलं विकण्याजोगं काय आहे ते काढलं: दोन तांब्याची भांडी, एक शिलाई मशीन आणि काळी पेटी. भांडी आणि मशीन गावातच गेली. पेटी मी जीपमध्ये घालून नानीसकट मेजरच्या दुकानात नेली.

मेजरनी पेटी बघितली, नंबर वाचला, चपला बाहेर काढून आले आणि नानीला म्हणाले, "वैनी, बसा. चा घ्या. पेटी कुठं पळून जात न्हाय."

"पैशाचं बोला आदुगर," नानी म्हणाली. चार वर्षांत तिला गोड बोलणाऱ्यांचा वीट आला होता.

"पैशाचं बोलतो. पन आदुगर पेटी उघडतो. चालंल न्हवं?"

पेटीत वर एक हिरवी जर्सी, कसर लागलेली. मग घोंगडी. मग दाढीचं सामान, एक पितळी बक्कल, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत सुतळीनं बांधलेला आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. नानीला लिहिता-वाचता येत नाही. पत्रं आली की माझे आजोबा वाचून दाखवायचे. ती तिनंच जपून पेटीत ठेवली होती, पण त्यात काय लिहिलंय हे तिला आजोबांच्या तोंडचं तेवढंच ठाऊक.

क्लार्क मेजरनी चष्मा लावला. प्रत्येक पत्रावर पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, '५६ एपीओ'. पत्ता लिहिलेला सौभाग्यवती आणि सासरचं नाव. पोस्टमनला गावात तेच नाव कळणार. आणि आत पहिल्या ओळीत हाक मारलेली माहेरच्या नावानं. एका पत्रात नाही, जवळजवळ सगळ्या पत्रांत. आजोबा वाचताना ती हाक गाळायचे. सुनेला तिच्या नवऱ्यानं माहेरच्या नावानं मारलेली हाक सासऱ्यानं कशी मोठ्यांदा वाचायची? म्हणून नानीला ते कधी कळलंच नव्हतं.

क्लार्क मेजरनी ती हाक वाचली. नानीनं पदर तोंडाला लावला. मेजर उठून बाहेर गेले आणि उगीचच एका तंबूच्या दोऱ्या ताणत बसले.

पत्रांवर सरकारी काम होत नसतं, हे क्लार्क मेजरना पक्कं ठाऊक होतं. पण पत्रांमुळं कुठून कुठं जायचं ते कळलं. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव, लग्नाची तारीख होती. दोन्ही नावांची बाई एकच, असं ॲफिडेव्हिट झालं. ग्रामपंचायतीचा दाखला, माहेरच्या गावच्या पोलीस पाटलाचा दाखला, लग्नाला हजर असलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या सह्या, राजपत्रात नावाची नोंद, चुलत्यांबरोबरचा जुना फोटो. पत्रांच्या झेरॉक्सा सगळ्यात शेवटी जोडल्या. सगळी फाईल जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत पुढं गेली. नानीच्या नावाची ओळ दुरुस्त होऊन सुधारित पीपीओ निघायला हवा होता.

आणि मग २०२० साल उजाडलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. कचेऱ्या बंद, एसटी बंद, कासचा रस्ता बंद. डोंगरावर जाणारंच कुणी नाही म्हटल्यावर डोंगराचं सामान कोण घेणार? दुकानाचं भाडं थकलं. मेजरनी बायकोचं गंठण ठेवलं, हे आम्हाला फार नंतर कळलं. जर्मनचा डबा रिकामा झाला. जागामालक चांगला माणूस होता, पण त्यालाही घर होतं. गिरणी परत सुरू करायला एक गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यानं सांगून ठेवलं.

त्या पावसाळ्यात दुकान तगलं ते तंबूंच्या फाटक्या कापडावर. मागच्या खोलीत असे वीस-पंचवीस तंबू पडलेले होते, ज्यांचे बांबू मोडलेले, चेन गेलेल्या. कापड मात्र पाणी धरणारं. बूटवाल्या मेजरनी त्यातनं जनावरांच्या पाठीवर टाकायच्या झुली, मोटारसायकलचे कव्हर आणि रानात भांगलणीला जाणाऱ्या बायांसाठी खोळी शिवल्या. इरलं गेलं, प्लास्टिकचा कागद फाटतो. ही खोळ हलकी आणि टिकाऊ. गावोगावच्या पेन्शनर मेजरांनी त्या आपापल्या वाडीत विकल्या. नानीनंही शिवल्या. वाकळा शिवणारा हात तिचा; दाभणानं आणि मेणाच्या दोऱ्यानं तिनं दुहेरी टाका घातला की पाणी शिरत नसे. तिची मशीन विकली गेली होती, म्हणून सगळं हातानं.

२०२१ च्या दिवाळीआधी सुधारित हुकूम आला. मागचे थकलेले पैसे एकरकमी जमा झाले. नानीनं आधी भिंत बांधली. मग काही नोटा रुमालात बांधून मला म्हणाली, "चल, मेजरच्यात जायचंय."

मेजर पैसे घेईनात. नानी उठेना. शेवटी क्लार्क मेजरनी तोड काढली. "वैनी, डब्यात घालायला कुनाचीच मनाई न्हाय. आमी बगत न्हाय, तुमी घाला." दोघे मेजर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि नानीनं डब्यात पैसे घातले. किती, ते मीही बघितलं नाही.

पेटी तिनं परत नेली. आता तिच्यात ज्वारी असते, कारण उंदराला पत्रा कुरतडता येत नाही. पत्रं मात्र नव्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवलीत. माझी पोरगी सुट्टीला गावी गेली की नानी तिला एखादं वाचायला सांगते आणि वर बजावते, "पैल्या वळीपासनं वाच. काय गाळू नगं."

दुकान आज चालू आहे. मी शाळेतली पोरं घेऊन सज्जनगडाला नाही तर वासोट्याला जातो, तेव्हा सॅक तिथनंच भाड्यानं नेतो. मेजर प्रत्येकाच्या पाठीवर स्वतः पट्टा आवळून देतात, कमरेचा आधी, खांद्याचा मग. त्यांना आता एक वेगळीच चिंता लागली आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम व्हायचे. बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी, पेन्शन नाही. म्हणजे आमच्या वाड्यांवर आता बावीस-तेवीस वर्षांचे मेजर येतील. "त्यास्नी कागद लागनार न्हाईत गुरुजी," मेजर म्हणतात, "त्यास्नी काम लागंल." म्हणून शेजारचा एक गाळा बघून ठेवलाय. तिथं तंबू आणि सॅक दुरुस्तीची दोन मशीन टाकायची, डोंगरात वाट दाखवायला पोरं तयार करायची, असं त्यांच्या डोक्यात आहे. जागेचं अजून जमलेलं नाही.

तुमच्या माळ्यावर एखादी सॅक पडून असेल तर तिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. पण घरात काळी पेटी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी तिचा तळ तेवढा बघा. वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. त्याच्याही खाली बघा.